आर्द्रा लागल्या, चला वारासिवनीला

आधी पायातले बूट काढा. चपलाही नकोत. आपण निघालो आहोत त्या वारासिवनीत यंदा पायात वहाणा असलेला माणूस एक तर मालगुजार असतो, नाही तर सरकारी. आणि तुम्हाला दोघांपैकी कुणीही समजलं तरी लोक हात पसरतील. अंगात साधी बंडी चढवा, डोक्याला दुपट्टा गुंडाळा, कान झाका. पाण्याची बाटली इथेच ठेवा. एवढं स्वच्छ पाणी हातात घेऊन त्या रस्त्यावरून चार पावलंसुद्धा तुमच्याने चालवणार नाहीत.

साल १९००, जून सरत आलेला. मृगाने चार थेंब शिंपडून पाठ फिरवली, आर्द्रा लागल्या, आणि तुम्ही वैनगंगेच्या पात्रात उभे आहात. हो, पात्रातच. बालाघाट मागे राहिलं, वारासिवनी अजून चार-पाच कोस पुढे आहे, आणि मधली ही एवढी मोठी नदी बैलगाड्या नुसती चाकं भिजवून ओलांडताहेत. सकाळचे आठही वाजले नसतील, पण वाळू आत्ताच तळव्यांना चटके देते. टाचांवर चाला, भरभर चाला. काठाजवळ वाळूत खणलेल्या झिऱ्याभोवती बायका बसल्या आहेत. एकजण तुंबडीने पाणी उपसून गुंडात ओतते आणि पुन्हा पाणी झिरपायची वाट पाहते. कुणी बोलत नाही. बोललं की घसा सुकतो. थोड्या वेळात तुम्हालाही हे कळेल.

दुष्काळ म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे माण-खटावचे उघडे माळ येतात, निवडुंग येतो, मेंढरं येतात. ते सगळं विसरा. हा धानाचा मुलूख आहे. बरं साल असलं तर इथे साठ इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या दुपटीने. गावोगावी तलाव, तलावांखाली बांध घातलेल्या बांध्या, धुऱ्यांवर मोह आणि पळस. असा मुलूख कोरडा पडतो तेव्हा पाहणाऱ्याला खरंच वाटत नाही. झाडं उभी आहेत, गावं जागच्या जागी आहेत, आणि तरी लोक उपाशी आहेत. कारण धानाला नुसता पाऊस पुरत नाही, वेळेवरचा पाऊस लागतो. रोवणीला चिखल हवा आणि लोंबी भरताना, हस्त नक्षत्रात, पुन्हा बांधी भरलेली हवी. इथे त्या पावसाला हत्ती म्हणतात. तीन-चार वर्षांपूर्वी धान भरायच्या आतच पाऊस तुटला आणि मोठा काळ पडला. त्यातून माणसं उठून बसत होती तोवर गेल्या साली रोवणीलाच पाणी नाही. संवताच्या आकड्यावरून लोक याला छप्पन्या म्हणतात, तोच हा.

आता रस्त्याला लागा. दोन्ही बाजूंच्या बांध्यांकडे नीट बघा. चिखल वाळून त्याला एवढ्या भेगा गेल्या आहेत की हाताचा पंजा आत जाईल. घालून बघा. बोटांना आतली माती वरच्यापेक्षा गार लागते, पण ओली नाही. पुढे एक आटलेला तलाव लागतो. तळाशी शिंपले, वाळलेलं शेवाळ, माशांची पांढरी पडलेली हाडं, आणि या सगळ्याचा मिळून एक खारट, कुजका वास. नाकाला दुपट्टा लावावासा वाटेल. लावू नका. तुमच्या बाजूने चालणारी पोरं त्याच गाळात काठीने उकरून कमळाचे कंद शोधताहेत.

कटंगीकडे जाणारी छोटी रेल्वे अजून यायची आहे. जवळचं स्टेशन म्हणजे गोंदिया, तिथून माल येतो तो बैलगाडीने. गाडीवानांच्या मागे मागे गेलात तर तुम्ही थेट बाजारात पोचाल. गर्दी आहे, पण या गर्दीचा आवाज वेगळा आहे. घासाघीस नाही. विकायला बसलेले जास्त, घेणारे थोडे. पितळेचा गुंड, चांदीचे वाळे, नांगराचा फाळ, एखाद्या घराच्या दाराची चौकटसुद्धा. वाळलेल्या मोहफुलांचे ढीग आहेत; त्यांचा गोड, आंबूस वास उन्हात इतका दाट होतो की रिकाम्या पोटी भोवळ येते. टेंभरं आहेत, चारोळ्या आहेत, जंगलातून खणून आणलेले कंद आहेत. एका वाण्याच्या ओट्यावर तागाच्या पोत्यांत तांदूळ आहे. रंगूनचा. समुद्रावरून आला, आगगाडीतून आला, गाडीतून आला. त्याला आपल्या तांदळाचा वास नाही, पोत्याचा आणि गोदामाचा वास आहे. समोर उभी असलेली कुणबीण चार दाणे तळहातावर घेऊन बघते, नख लावून बघते आणि पुन्हा पोत्यात टाकते. तांदूळ पिकवणाऱ्या बाईला विकतचा तांदूळ पाहावा लागतो, यापरता या सालाचा दुसरा पुरावा मला तरी नको.

कोष्ट्यांच्या वस्तीत जरा थांबा. वारासिवनीचं लुगडं दूरवर जातं, पण यंदा लुगडं घेणार कोण? बहुतेक माग गप्प आहेत. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारा तेवढा विणतो आहे, आणि दर थोड्या वेळाने थांबून तुटलेला धागा जोडतो आहे. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, पटापट तुटतं. त्याने मागाच्या खड्ड्यात ओलं फडकं टाकलंय, तेही वाळून कडक झालंय. पावसाची वाट फक्त शेतकरी पाहत नाही, हे तुम्हाला इथे दिसेल. अर्थात पाऊस आला की गल्लीत ताणा ताणून पांजणी करणं बंद पडेल, खळ वाळणार नाही, तो त्रास निराळा. म्हाताऱ्याला विचारा, तो म्हणेल, तो त्रास चालेल.

पुढे निघा. मारुतीच्या पारावरून पोरांचा घोळका येतो आहे. मधल्या पोराच्या अंगाला कडुनिंबाचा पाला गुंडाळला आहे आणि त्याच्या खांद्यावरच्या मुसळाला एक बेडूक बांधला आहे. ही धोंडी. घरोघरी जाऊन ती पावसाची भीक मागते. एरवी प्रत्येक दारातून तिच्या अंगावर घागर ओतली जाते आणि सुपात मूठभर दाणे पडतात. आज बायका दारात येतात, ओंजळभर पाणी त्या पोराच्या डोक्यावर शिंपडतात आणि हात जोडतात. दाणे कुणी घालत नाही, पोरंही मागत नाहीत. ओंजळ मात्र एकीनेही चुकवली नाही, हे ध्यानात घ्या. ते पाणी झिऱ्यावरून आणलेलं आहे.

दुपारी तुम्हाला गावाबाहेर न्यावं लागेल. गाव तिथेच आहे. सरकारी दुष्काळी कामावर शेकडो माणसं रस्त्याच्या कडेला ओळीने बसून दगड फोडताहेत. ठक्, ठक्, ठक्. एक ताल नाही, पण खंडही नाही. ढीग मोजून मजुरी. दिवस भरला तर आणा-दीड आणा हातात पडतो. तुम्हीही बसा. हातोडी घ्या. पहिल्या दहा घावांत मनगट सुन्न होईल, दगडाची कपची पोटरीला लागेल. शेजारच्या बाईने मांडीखाली तान्हं मूल सावलीला ठेवलं आहे. तिच्या पलीकडे बसलाय तो सोळा बांध्यांचा धनी आहे. त्याचे हात बघा, दगड कसा धरायचा हे अजून त्यांना उमगलेलं नाही. बैल त्याने माघातच विकले. हे तो तुम्हाला सांगणार नाही. मी सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे.

तिसरा प्रहर झाला. आता जरा सावध व्हा.

वारा पडलाय. मोहाचं पानही हलत नाही. घाम निथळतो आणि वाळत नाही. सकाळपासून तो वाळत होता. तुमच्या पायाजवळ मुंग्यांची रांग पांढरी अंडी तोंडात धरून चढाकडे निघाली आहे. हातोड्यांचा आवाज ओळीच्या त्या टोकापासून एकेक करत थांबत येतो. मुकादम ओरडतो, पण त्याचंही तोंड नैर्ऋत्येला वळलेलं आहे. आभाळाच्या कडेला जांभळा पट्टा उठला आहे. गेल्या पंधरवड्यात असे पट्टे उठून विरले, म्हणून कुणी काही बोलत नाही. बोललं तर जाईल, अशी भीती आहे.

मग धूळ येते. डोळे मिटा, तोंड मिटा. दुपट्टा उडून जाईल, जाऊ द्या. वाळलेली पानं, काड्या, खडे अंगावर आदळतात आणि एकाएकी त्या धुळीतच गारवा शिरतो. पहिला थेंब तुमच्या मनगटावर पडतो. मोठा आहे, कोमट आहे. दुसरा मानेवर. तिसरा समोरच्या फोडलेल्या दगडावर पडतो आणि चर्र होऊन जागच्या जागी वाळतो. दिवसभर तापलेले ते सगळे ढीग आता चर्रचर्र करायला लागतात, त्यांतून वाफ निघते, आणि ती वाफ नाकात गेली की जीव कासावीस होतो: जळका, गंधकट, मातकट. असा वास पुन्हा मिळणार नाही. दीर्घ श्वास घ्या.

आणि मग थेंब मोजता येत नाहीत. फुटलेल्या पोत्यातून धान सांडावं तसा पाऊस सांडतो.

“आला जी! पानी आला!”

कोण ओरडलं ते कळत नाही, कारण आता सगळेच ओरडताहेत. आडोशाला कुणीही पळत नाही. माणसं जागची उठून नुसती उभी आहेत, तोंड वर, डोळे बंद. शेजारची बाई मूल छातीशी धरून दुसऱ्या हाताने पदर पसरते, तो भिजला की मुलाच्या ओठांवर पिळते, पुन्हा पसरते. एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसला आहे. पोरं त्या पांढऱ्या चिखलात लोळताहेत. सोळा बांध्यांचा धनी हातोडी तिथेच टाकून चालू लागतो, मग पळू लागतो. त्याच्या मागे पळा. पाय घसरेल, पडाल, कोपर खरचटेल. उठा आणि पळा. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासात तुम्हाला आणायचं होतं ते या धावण्यासाठी.

तो घरी जात नाही, बांधीवर जातो. पाण्याचे लोट धुऱ्यावरून उतरताहेत आणि भेगांत गडप होताहेत. गुड्गुड् आवाज येतो, बुडबुडे वर येतात, जमीन पिते आहे. कितीतरी वेळ बांधीत पाणी साचतच नाही. तो वाकून बघत राहतो. धुरा एका जागी फुटला आहे. कुदळ नाही, टोपली नाही, म्हणून तो हातांनीच ओली ढेकळं उचलून भगदाडात भरतो. तुम्हीही भरा. नखांत माती जाईल. ढेकूळ दाबून बसवताना तळहाताखाली ती कशी मऊ पडत जाते, ते जाणवू द्या. अंधार पडेपर्यंत भगदाड बुजतं आणि कोपऱ्यातल्या भेगा पहिल्यांदा मिटतात. वीतभर लांबीरुंदीच्या डबक्यात आभाळ चमकतं. तो त्यात हात बुडवतो आणि ओला हात कपाळाला लावतो.

“चाला घरी, पावने,” तो म्हणतो. तुम्ही कोण, कुठले, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

घरात पोचता तेव्हा वेगळीच धांदल चालू आहे. यंदा कवेलू फेरायला ना पैसा होता ना अंगात जोर, त्यामुळे छप्पर दहा ठिकाणी गळतं आहे. घरातलं प्रत्येक भांडं अंगणात नाही तर गळतीखाली. टप्, टण्, टप्. मातीच्या भांड्याचा आवाज वेगळा, पितळेचा वेगळा, आणि पितळेची आता दोनच उरली आहेत. पोरं कुडकुडत एका कोपऱ्यात. पण म्हातारी आजी आणि सून पोरांकडे वळायच्या आधी दुसरंच काही उचलताहेत. हात लावा, जड आहे. मातीची एक लहान कोठी, तोंड शेणामातीने लिंपून बंद केलेलं. तिच्यावर थेंब पडत होता. ती ओढत ओढत घरातल्या सर्वांत कोरड्या जागी नेली जाते, खाली दोन पाट घातले जातात, वर घोंगडी टाकली जाते. त्यानंतर पोरं.

रात्री जेवण म्हणजे उकडलेली मोहफुलं आणि भाजलेल्या चिंचोक्यांचं पीठ. चिकट, गोड, मग तुरट. पहिला घास तुम्हाला आवडेल, चौथ्याला जीभ नकार देईल. खा. पाहुण्यासाठी काढून ठेवलं आहे. बाहेर बेडकांनी आभाळ डोक्यावर घेतलं आहे. वर्षभर हे कुठे होते, देव जाणे. ओल्या लाकडांचा धूर घरात कोंडतो, डोळे चुरचुरतात. कुठे तरी एक भिंत धप्पकन बसल्याचा आवाज येतो. कुणाची, हे बघायला घरातले पुरुष उठून जातात. रिकाम्या घराची होती म्हणून परत येतात. रिकामी घरं पुष्कळ आहेत. काही कुटुंबं कामाच्या शोधात गेली, काही गेलीच. १८९१ साली या जिल्ह्याची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती, १९०१च्या शिरगणतीत ती सव्वातीन लाखांच्या आसपास भरेल. तुम्हाला हा आकडा माहीत आहे. ज्यांच्यात बसून तुम्ही जेवताय त्यांना नाही. त्यांना त्या घरांतल्या माणसांची नावं माहीत आहेत.

सकाळी लवकर उठा. हवा धुतलेली आहे, अंगणातल्या मातीवर मखमली लाल मिरगाचे किडे फिरताहेत आणि पोरं ते पानावर उचलून घेताहेत. पावशा ओरडतो आहे. पण घरातल्या सगळ्यांचे डोळे कोठीवर आहेत.

आजी कोयत्याच्या टोकाने लिंपण फोडते. आतून राख आणि वाळलेल्या कडुनिंबाचा वास येतो. वरची राख बाजूला सारली की खाली धान. गेल्या साली सगळं शेत करपलं, फक्त तलावाखालच्या एका बांधीला शेवटपर्यंत ओल राहिली, तिथे जेवढं पिकलं ते हे. कार्तिकात लिंपलेलं तोंड आज उघडतं आहे. मधल्या महिन्यांत या घरात काय काय विकलं गेलं ते तुम्ही काल बाजारात पाहिलंत. या घरात एक पोर कमी आहे, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. खुंटीवर एवढुसं अंगडं टांगलेलं आहे. आणि कोठीला बोट लागलेलं नाही. यावर मी काय बोलू? कुणाला हे निष्ठुर वाटेल. मला वाटत नाही. हे धान खाल्लं असतं तर पंधरा दिवस निघाले असते, आणि कालचा पाऊस नुसत्या मातीवर पडून वाहून गेला असता.

आजी मूठभर धान काढते, ओल्या फडक्यात बांधते, चुलीजवळ उबेला ठेवते. दोन-तीन दिवस वाट. तिसऱ्या दिवशी फडकं सोडतात तेव्हा तुम्हीही वाकून बघा. दाण्यांच्या टोकांना पांढरे, सुईच्या अग्राएवढे मोड आले आहेत. सगळ्यांना नाही. आजी एकेक दाणा नखाने बाजूला करते, मोडाचे इकडे, बिनमोडाचे तिकडे. मोडाचा ढीग मोठा होत जातो. सून तोंडाला पदर लावून बाहेर जाते. आजी म्हणते, “उगवते जी,” आणि बिनमोडाचे दाणे वेचून तोंडात टाकते. बऱ्याच महिन्यांनी तिने स्वतःच्या शेतातलं धान चावलं आहे.

सगळ्यांकडे अशी कोठी नाही. ज्यांनी बियाणं खाल्लं त्यांना बोल लावू नका. त्यांच्यासाठी सरकारी तकावी आहे, धर्मादाय फंडाची मदत आहे, बियाण्यासाठी आणि बैलांसाठी. कचेरीपुढे रांग लागते. दुसऱ्या मुलखाचं बियाणं हातात पडतं. ते हलकं की भारी, किती दिवसांचं, इथल्या मातीत कसं येईल, याची चर्चा रांगेतच सुरू होते. हलकं धान दसऱ्याच्या सुमाराला हाती येतं, भारी त्यानंतर महिना-दीड महिन्याने. यंदा ज्याला त्याला हलकंच हवं आहे.

कारण पाऊस आला म्हणून भूक गेलेली नाही. आजपासून नव्या भातापर्यंत निदान तीन महिने आहेत, आणि ते सर्वांत कठीण आहेत. दगडफोडीचं काम सोडून माणसं बांध्यांवर परततात, म्हणजे मजुरी बंद. म्हणून सरकारी अन्नछत्रांवर गर्दी वाढते. त्या जुलैत साऱ्या मध्य प्रांतात वीस लाखांहून अधिक माणसं दुष्काळी मदतीवर जगत आहेत. छत्रावर जाऊन बघा. मोठ्या हंड्यांतून खिचडी उकळते आहे, पळसाच्या पानांची द्रोण-पत्रावळ हातात धरून पोरं बसली आहेत, पाऊस पत्रावळीत पडतो आहे. रांधणारा कोणत्या जातीचा हे विचारून काहीजण उठून जातात, उपाशी. काहीजण परत येतात. त्यांच्याकडे रोखून पाहू नका.

आणि पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. पहिल्या पावसाने वर्षभराची घाण विहिरीत उतरवली आहे. पटकी येते ती याच दिवसांत, आणि पोटात अन्न नसलेल्या माणसाला ती दिवस मावळू देत नाही. भिजून ताप भरलेली माणसं ओसरीवर पडली आहेत. ज्या पावसासाठी हात जोडले तोच काही घरांतून माणसं घेऊन जातो. लोक त्याला शिव्या देत नाहीत. मला मात्र द्याव्याशा वाटतात.

तरीही रान हिरवं होतं. आठवड्यात उकिरड्यांवर आणि वाटांच्या कडेला तरोटा उगवतो. कोवळी पानं खुडायला बायका-पोरं पहाटेच निघतात. उग्र वासाची ती भाजी नुसत्या मिठावर शिजते. पुढे जंगलातून बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना इथे वास्ते म्हणतात. धुऱ्यांच्या बिळांतून खेकडे येतात. चंदन नदीला पाणी आलं आहे, ढीवर जाळी घेऊन उतरले आहेत. संध्याकाळी गल्लीतून चालताना तुम्हाला एका घरातून खेकड्याच्या रश्शाचा वास येतो आणि तुमचे पाय थांबतात. थांबू द्या. आत बोलावतील.

आता महिनाभर पुढे या. पऱ्हे वीतभर झाले आहेत, रोवणी सुरू आहे. धन्याने बैल विकले होते, आठवतं? गावात बैलजोड्या मोजक्या उरल्या, त्या सावडीने फिरताहेत: ज्याचा बैल त्याच्याकडे दुसऱ्याची दोन माणसं. एका बांधीत तर एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला हल्या जुंपला आहे. दोघांच्या चालीचा मेळ बसत नाही, चिखल उडतो, हाकणारा घसा फाडून ओरडतो, धुऱ्यावरच्या बायका हसतात. हसण्याचा आवाज तुम्ही आल्यापासून पहिल्यांदा ऐकताय.

उतरा बांधीत. गुडघ्यापर्यंत चिखल, वरचा थर उन्हाने कोमट, तळाचा थंडगार. बायका ओळीने वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताची बोटं चिखलात सपासप जाताहेत. गाणं चालू आहे; एकजण ओळ टाकते, बाकीच्या उचलतात, शेजारच्या बांधीतून दुसरं गाणं येऊन त्यात मिसळतं. पावसाची सर आली तरी हात थांबत नाहीत. कामट्या आणि पळसाच्या पानांची आच्छादनं पाठीवर घेतलेल्या बायका मागून पाहिल्या तर नुसती पानंच हलताना दिसतात. अर्ध्या घटकेत तुमची कंबर धरेल. पायाला जळू लागेल. मीठ नाही, तंबाखूची चिमूट मागा.

तुम्ही कंबर सरळ करून चारी बाजूंना बघता. बांध्या भरल्या आहेत, तलाव निम्म्यावर आला आहे. पुढे काही वर्षांनी वैनगंगेवर ढुटीला बांध होईल, कालव्याचं पाणी या भागात फिरेल आणि हस्ताचं भय थोडं कमी होईल, हे तुम्ही जाणून आहात. सांगायचा मोह होतो. त्याऐवजी तुम्ही शेजारी वाकलेल्या आजीला म्हणता, “आजी, सुटला की हो दुष्काळ!”

आजी वर बघत नाही. तिची बोटं चालूच आहेत.

“हत्ती पडू द्या जी, मंग सांगू,” ती म्हणते. “धरा हे पेंडी. दोन बोटं खोल लावा, नाई तं वाऱ्यानं निंगते.”